पावसाळी भिंतीवरच्या मॉसमध्ये हरितलवकं विभागताना कशी पाहायची

गुलबक्षीचं एखादं झाड असं असतं की त्याच्या एका फांदीची पानं हिरवी, दुसरीची पांढरट आणि तिसरीची चट्टेपट्टेवाली. जर्मनीतल्या कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ साली अशाच गुलबक्षीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाला कोणत्याही फांदीचे परागकण लावले तरी बियांतून रोपं पांढरीच निघायची आणि थोड्याच दिवसांत मरायची. हिरव्या फांदीच्या फुलांपासून हिरवी रोपं, चट्टेवाल्या फांदीच्या फुलांपासून तिन्ही प्रकारची. परागकण कुठून आले, याचा काहीही संबंध नव्हता. रंग ठरत होता तो फक्त आईच्या पेशीत कसली लवकं (पेशीतले रंगद्रव्य किंवा अन्न साठवणारे कण) होती त्यावरून.

यातून एकच अर्थ निघतो. पेशी हरितलवक, म्हणजे उजेडावर अन्न बनवणारं हिरवं लवक, कोऱ्या पाटीवरून तयार करू शकत नाही. प्रत्येक हरितलवक हे आधीच्या एखाद्या लवकाचं अपत्य असतं. पांढऱ्या फांदीत निरोगी लवक एकही उरलेलं नसेल, तर तिथून हिरवं पान कधीच येणार नाही. पेशीत श्वसन चालवणाऱ्या तंतुकणिकांचंही (मायटोकाँड्रियांचंही) असंच. पेशीचं विभाजन आपण शाळेपासून शिकतो, कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड सगळ्यांनी पाहिलेली असते. पण पेशीच्या आतली ही अंगकं स्वतः विभागतात, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलं जातं आणि प्रात्यक्षिकात तर येतच नाही. मला याची फार खंत वाटते, कारण हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक, मूठभर मॉस आणि दोन तासांचा निवांतपणा एवढं पुरतं.

कोण विभागतं आणि कोण नाही

वनस्पतीपेशीतल्या सगळ्या अंगकांची संख्या एकाच रीतीनं वाढत नाही. लवकं आणि तंतुकणिका यांच्याजवळ स्वतःचा डीएनए असतो आणि ती फक्त विभागूनच वाढतात. लवकांमध्ये हिरवी हरितलवकं, पिकल्या टोमॅटोतली लाल वर्णलवकं, बटाट्यातली स्टार्च साठवणारी लवकं, सगळी आली. पेरॉक्सिझोम विभागतातही आणि आंतर्द्रव्यजालिकेतून नव्यानं निघतातही. गॉल्गी, आंतर्द्रव्यजालिका, रिक्तिका या पातळ पटलांच्या पिशव्या-जाळ्यांची गोष्ट निराळी आहे. तिथे पटलं तुटतात, जुळतात, वाटली जातात. या लेखात मुख्यतः हरितलवकं पाहू, कारण ती रंगीत आहेत, मोठी आहेत आणि रंगद्रव्य न लावता जिवंतपणी दिसतात. तंतुकणिकांकडे शेवटी एक चक्कर मारू.

मॉस कुठलं आणि कधी

आपण बोलताना भिंतीवरच्या सगळ्याच हिरव्या थराला शेवाळ म्हणतो. त्यातला बुळबुळीत थर हा शैवालांचा असतो. आपल्याला हवंय ते मखमलीसारखं, ज्यात बोट फिरवलं तर बारीक बारीक रोपं जाणवतात ते मॉस. जुलै ते सप्टेंबर हा उत्तम काळ.

पण कुठलंही मॉस चालत नाही, आणि पहिल्यांदा करणारे इथेच फसतात. आपल्याकडच्या भिंतींवर सर्रास सापडणाऱ्या हायोफिलासारख्या मॉसच्या पानातल्या पेशी फार लहान आणि गच्च भरलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता हिरवा ठिपकेदार गालिचा दिसतो. हवं ते फ्युनारिया, अकरावी-बारावीच्या पुस्तकातलं. घाटमाथ्यावर, महाबळेश्वरच्या बाजूला, ओलसर मातीवर आणि विशेषतः जिथे पूर्वी जाळ झाला होता अशा जागी ते शोधावं. ओळख अशी: पानं पातळ, फिकट हिरवी आणि जवळजवळ पारदर्शक, बारीक दांड्याच्या टोकाला लवलेली, पेअरच्या फळासारखी बीजाणूंची पिशवी, आणि दांडा ओला-कोरडा झाला की पिळतो. नावच लॅटिनमधल्या दोरखंडाच्या शब्दावरून आलं आहे.

जातीचं नाव ठरवता आलं नाही तरी अडत नाही. भिंगातून पान बघा. ते काचेसारखं पातळ दिसत असेल तर कामाचं.

कोकणातल्या वाचकांना आणखी सोपी वाट आहे. जांभ्याच्या गडग्यावर, विहिरीच्या आतल्या कडेवर, जिथे नेचे वाढतात तिथे मातीलगत नखाएवढ्या किंवा त्याहून लहान, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या हिरव्या पापुद्र्या दिसतात. ती नेच्याची युग्मकधारी, म्हणजे नर-मादी पेशी तयार करणारी पिढी, प्रोथॅलस. बहुतेक भाग एकच पेशी जाडीचा असतो. शिवाय तिच्या खाचेत वाढबिंदू असतो, त्यामुळे खाचेजवळच्या पेशी कोवळ्या आणि पंखांच्या कडेच्या पेशी जून. एकाच स्लाइडवर लहानपण आणि म्हातारपण शेजारी शेजारी. माझ्या मते शिकवायला यापेक्षा चांगलं साहित्य नाही.

एक विनंती. गडकोटांच्या भिंती, देवराया, राखीव जंगलं इथून काही काढू नका. अंगणातली, कुंडीतली, रस्त्याकडेची चिमूटभर पुरते. दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढंच मातीसकट उचलून कागदी पुडीत ठेवा आणि पुडीवर जागा, तारीख लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलं तर दोन दिवसांत कुजतं.

आदल्या दिवशीची तयारी

हरितलवकं पेशीत एका जागी बसलेली नसतात. प्रखर उजेड पडला की ती पेशीच्या बाजूच्या भिंतींना जाऊन चिकटतात आणि एकावर एक चळत लागते. मंद उजेडात ती समोरच्या पृष्ठावर पसरतात, म्हणजे पानाच्या तोंडाकडे. आपल्याला हवी ती दुसरी अवस्था.

एका वर्षी आम्ही मॉस खिडकीत उन्हाला ठेवलं होतं, ताजं राहावं म्हणून. प्रात्यक्षिकाला बसलो तर प्रत्येक पेशीच्या कडेला हिरवी किनार आणि मध्ये रिकामं मैदान. मोजणं अशक्य. तेव्हापासून आम्ही मॉस बशीत ओल्या टीपकागदावर ठेवतो, वरून काचेचा वाडगा पालथा घालतो आणि उत्तरेकडच्या खिडकीपासून दोन-तीन हात आत, थेट ऊन येणार नाही अशा जागी आदल्या दिवसापासून ठेवून देतो. पूर्ण अंधारात कपाटात कोंडू नका. अंधारातही ती नीट पसरत नाहीत, जागा बदलतात.

पाणी पावसाचं किंवा उकळून गार केलेलं वापरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त असेल तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग घ्या.

स्लाइड लावणं

एक, मॉसचं एकच रोप चिमट्यानं उचला, वाटीतल्या पाण्यात हलकेच हिसळून माती काढा.

दोन, रोप टीपकागदावर आडवं ठेवून शेंड्याजवळची, अजून पूर्ण उमललेली नसलेली दोन-तीन पानं बारीक चिमट्यानं बुडाशी धरून खाली ओढा. ती वेगळ्या स्लाइडवर. खालची पूर्ण वाढलेली दोन पानं आणखी एका स्लाइडवर. दोन्ही स्लाइडवर मार्करनं लगेच कोवळं, जून असं लिहा. नंतर लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

तीन, पाण्याचा एक थेंब, त्यात पान सपाट. कव्हरस्लिपची एक कड आधी थेंबाला टेकवा, दुसरी सुईवर तोलून सावकाश खाली आणा, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. जास्तीचं पाणी टीपकागदानं बाजूनं शोषून घ्या. वरून दाबू नका. दाबलेल्या पेशीत हरितलवकं फुगतात, गोल होतात आणि तुम्ही आजारी पेशीचं चित्र काढत बसता.

चार, लांब वेळ पाहायचं असेल तर कव्हरस्लिपच्या चारही कडा व्हॅसलिननं बंद करा.

रंग, आयोडीन, काहीही घालायचं नाही. पान जिवंत राहायला हवं.

सूक्ष्मदर्शकाखाली

आधी १०च्या भिंगावर पान शोधा, मधली शीर सोडून द्या. शीर अनेक पेशी जाड असते. पंखाच्या मधल्या भागातल्या पेशी घ्या. मग ४०च्या भिंगावर या.

उजेड कमी करा. बहुतेक जण दिवा पूर्ण पेटवून, खालचा पडदा पूर्ण उघडून बघतात आणि मग सगळं फिकट दिसतं अशी तक्रार करतात. पडदा अर्ध्याहून कमी करा. कडा उठून दिसू लागतील. डोळा एका जागी स्थिर आणि एक हात सतत बारीक समायोजनाच्या चक्रावर. पेशी ही खोली आहे, चित्र नाही. चक्र किंचित फिरवलं की वरच्या पृष्ठावरची हरितलवकं जातात आणि खालच्या पृष्ठावरची येतात.

मोजमाप हवं तर पारदर्शक मिलिमीटरपट्टी १०च्या भिंगाखाली ठेवा आणि किती मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं ते बघा. साध्या सूक्ष्मदर्शकात ते साधारण १.८ मिलिमीटर येतं. ४०च्या भिंगावर ते चौपट लहान, म्हणजे ०.४५ मिलिमीटर, ४५० मायक्रोमीटर. हरितलवक ५ ते १० मायक्रोमीटरचं असतं. तुमच्या यंत्राचा आकडा वेगळा येईल, तो स्वतः काढून वहीत लिहून ठेवा.

आता कोवळ्या पानाची स्लाइड बघा. बहुतेक हरितलवकं गोल किंवा लंबगोल दिसतील. त्यांच्यात काही लांबट, काही मध्ये किंचित चेपलेली, काही व्यायामशाळेतल्या डंबेलसारखी, आणि नशीब चांगलं असेल तर एखादी जोडी अगदी बारीक हिरव्या धाग्यानं जोडलेली. शेजारी शेजारी चिकटून बसलेल्या लहान जोड्याही दिसतील, त्या बहुधा नुकत्याच सुट्या झालेल्या. या सगळ्या एकाच प्रक्रियेच्या पायऱ्या आहेत. पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. निदान माझ्या आला होता.

जून पानाच्या स्लाइडवर हेच शोधा. पेशी मोठ्या, हरितलवकं संख्येनं जास्त, पण डंबेल तुरळक. हा फरकच आपला खरा पुरावा आहे.

फसवणुकीच्या जागा

दोन हरितलवकं एकमेकांवर आली की डंबेलचा भास होतो. ओळखायची खूण अशी की एकमेकांवर आलेल्या भागाचा हिरवा रंग गडद दिसतो आणि चक्र फिरवलं की दोन्ही वेगवेगळ्या पातळीवर स्पष्ट होतात. खऱ्या डंबेलची कंबर गडद नसते, दोन्ही टोकं एकाच वेळी स्पष्ट होतात. संशय असेल तर मोजू नका.

कडेनं दिसणारं हरितलवक भिंगासारखं चपटं दिसतं, ते विभागणारं नव्हे. आतला स्टार्चचा कण फुगून पोटात चमकदार ठिपका करतो, तोही कंबर नव्हे.

सर्वांत मोठी चूक मात्र निष्कर्षाची होते. स्थिर स्लाइडमध्ये डंबेल दिसलं म्हणजे विभाजन पाहिलं, असं नाही. विभाजनाला काही तास लागतात. तुमच्यासमोर ते घडत नाही, तुम्ही फक्त वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबलेली हरितलवकं बघता. जत्रेतल्या गर्दीचा एक फोटो पाहून माणूस वाढतो कसा हे सांगण्यासारखं आहे ते. म्हणून मोजायचं. आणि धीर असेल तर व्हॅसलिननं बंद केलेली स्लाइड मंद उजेडात ठेवून त्याच पेशीचा फोटो दर अर्ध्या तासानं मोबाइलनं घ्या. पेशी पुन्हा सापडावी म्हणून तिच्या आसपासच्या पेशींचा नकाशा आधी काढून ठेवा. मधल्या वेळात सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद, नाहीतर प्रखर उजेडानं सगळी कडेला पळतील.

मोजणी

कोवळ्या पानातल्या २० पेशी, जून पानातल्या २० पेशी. पेशी निवडायची पद्धत आधीच ठरवा, उदाहरणार्थ शिरेपासून चौथी ओळ, एक सोडून एक. डंबेल दिसतात म्हणून पेशी निवडली तर सगळी मोजणी वाया जाते. प्रत्येक पेशीसाठी तीन गोष्टी लिहा: एकूण हरितलवकं, त्यातली कंबर असलेली आणि पेशीची लांबी-रुंदी.

समजा, कोवळ्या पानातल्या २० पेशींत मिळून ४०० हरितलवकं निघाली आणि त्यात ३२ कंबरवाली. म्हणजे शंभरात ८. जून पानातल्या २० पेशींत ९०० निघाली आणि त्यात ९. म्हणजे शंभरात १. हे आकडे नुसते समजावण्यासाठी आहेत, तुमचे वेगळेच येतील आणि तेच खरे. पेशी वाढली पण दुभंगली नाही, तरीही तिच्यातली हरितलवकं दुप्पट झाली, असं दोन स्लाइड सांगत असतील तर ती विभागूनच वाढली, याला मोजणीचा आधार मिळाला.

पेशीच्या क्षेत्रफळाशीही आकडा ताडून बघा. मोठ्या पेशीत जास्त हरितलवकं, असा संबंध बहुधा दिसेल. इंग्लंडमधल्या केविन पाइक आणि रेचल लीच यांनी १९९०च्या दशकात अरॅबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या लहानशा रोपावर हेच काटेकोरपणे मोजलं. त्या रोपाच्या पानातल्या पेशीत साधारण शंभराहून थोडी जास्त हरितलवकं असतात. त्यांनी बिघडलेली रोपं शोधली. एकात पेशीमागे फक्त दोन हरितलवकं, पण अवाढव्य. दुसऱ्यात डझनभर, आणि त्यातली बरीच डंबेलच्याच अवस्थेत अडकलेली. गंमत म्हणजे पेशीतला एकूण हिरवा पसारा फारसा बदलत नव्हता. संख्या कमी झाली की आकार वाढून भरपाई होत होती. या रोपांना एआरसी मालिकेची नावं मिळाली, आणि तिथूनच विभाजनाची यंत्रणा उलगडत गेली.

त्या कंबरेत काय चाललेलं असतं

जे डंबेल तुम्ही पाहिलंत, त्याच्या कंबरेभोवती आतून आणि बाहेरून कडी असते. आपल्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसत नाही. १९८६ साली जपानच्या त्सुनेयोशी कुरोइवा यांच्या गटानं ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवली, गरम आम्लयुक्त झऱ्यात वाढणाऱ्या एका लाल शैवालात. या गटानं पुढे त्याच्याच जवळच्या आणखी एका शैवालावर बरंच काम केलं. त्याच्या पेशीत एकच हरितलवक आणि एकच तंतुकणिका असते, त्यामुळे कोण कधी विभागलं हा गोंधळच नाही. असा जीव निवडणं हेच अर्धं संशोधन.

आतल्या कडीचं मुख्य प्रथिन एफटीएसझेड. हे नाव जीवाणूंकडून आलं आहे, कारण जीवाणू दुभंगताना हेच प्रथिन त्यांच्या मध्यावर कडी करतं. १९९५ साली कॅथरीन ऑस्टरयंग आणि एलिझाबेथ व्हिअरलिंग यांनी ते अरॅबिडॉप्सिसमध्ये सापडल्याचं जाहीर केलं. तीनच वर्षांनी जर्मनीतल्या राल्फ रेस्की यांच्या गटानं मॉसमधून त्याचं एक जनुक काढून टाकलं, आणि पेशीत एकेकच राक्षसी हरितलवक उरलं. ते मॉस म्हणजे तुमच्या पुडीतल्या फ्युनारियाचा जवळचा भाऊबंद. त्याच मॉसवर १९९७ साली असंही दिसलं की पेनिसिलिनच्या घराण्यातली प्रतिजैविकं, जी जीवाणूंची भिंत बनू देत नाहीत, तीच मॉसमध्ये हरितलवकांचं विभाजन अडवतात. टोमॅटोत मात्र तसं होत नाही. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीनं पोटात घेतलेल्या नीलहरित जीवाणूची ही ओळख आजही मॉसमध्ये पुसलेली नाही. हा प्रयोग घरी किंवा वर्गात करू नका. प्रतिजैविकं उगाच पाण्यात-मातीत सोडणं परवडणारं नाही.

आतून एफटीएसझेड, पण ती कडी भिंतीला बांधून ठेवायला आतल्या पटलात एआरसी-६ नावाचं प्रथिन असतं, नाव त्या बिघडलेल्या रोपांच्या मालिकेवरूनच. ते दोन पटलांमधल्या फटीतून हात पुढे करून बाहेरच्या पटलातल्या पीडीव्ही-२ या प्रथिनाला धरतं. पीडीव्ही-१ आणि पीडीव्ही-२ मिळून बाहेरच्या बाजूला डायनॅमिन या पटलं आवळणाऱ्या प्रथिनांच्या घराण्यातल्या एआरसी-५ ला बोलावतात. हे डायनॅमिन जीवाणूंच्या वारशातलं नाही, ते यजमान पेशीचं. म्हणजे आत पाहुण्याची दोरी, बाहेर घरमालकाचा पट्टा, आणि दोघं मिळून एका जागी आवळतात. डंबेलच्या अवस्थेत अडकलेली ती रोपं आठवा. त्यांच्यात एआरसी-५ च बिघडलेलं होतं. कंबर तयार व्हायची, तुटायची नाही.

मध्यभागच का, याचंही उत्तर आहे. मिनडी, मिनई आणि एआरसी-३ ही प्रथिनं कडी भलत्या जागी बनू देत नाहीत. ती बिघडली तर विभाजन वाकडं होतं आणि एकाच पेशीत थोराड आणि चिमुकली हरितलवकं एकत्र दिसतात. तुमच्या स्लाइडवर कंबर जवळजवळ नेहमी मधोमध सापडेल, तेव्हा हे आठवा.

या प्रथिनांची जनुकं भूवनस्पतींमध्ये केंद्रकात असतात. अरॅबिडॉप्सिसच्या हरितलवकाचा स्वतःचा डीएनए १,५४,४७८ अक्षरांचा आहे, पण स्वतःचं विभाजन चालवायची किल्ली त्यात नाही. ती केंद्रकानं आपल्या ताब्यात घेतली आहे.

तंतुकणिका: कांद्याचा पापुद्रा

कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा सोला, छोटा तुकडा स्लाइडवर घ्या. जेनस ग्रीन बी या रंगाचं ०.०१ टक्के द्रावण दोन थेंब, दहा-पंधरा मिनिटं थांबा. ४०च्या भिंगावर बारीक निळसर-हिरवे कण, आणि जमत असेल तर तेल लावून १००च्या भिंगावर ते जास्त नीट. तंतुकणिका श्वसन करत असतात म्हणून रंग टिकतो. कव्हरस्लिपखालचा ऑक्सिजन संपला की रंग उडायला लागतो. त्यामुळे घाई करा.

इथे कंबर शोधत बसण्यात अर्थ नाही. तंतुकणिका फारच लहान आणि पेशीद्रवाबरोबर सतत धावणाऱ्या असतात. शिवाय त्या फक्त विभागत नाहीत, एकमेकींत विलीनही होतात. टोकियोच्या संशोधकांनी २००४ साली कांद्याच्याच पापुद्र्यात हे दाखवलं. तंतुकणिकांत त्यांनी प्रकाशानं रंग बदलणारं चमकतं हिरवं प्रथिन आणलं, पेशीतल्या अर्ध्या तंतुकणिका प्रकाशानं हिरव्याच्या लाल केल्या आणि काही तासांतच बहुतेक पिवळ्या झाल्या, म्हणजे दोन्ही रंग मिसळले. फुलझाडांच्या तंतुकणिकांनी एफटीएसझेडची जुनी कडी सोडून दिली आहे. तिथे बाहेरून आवळणारी डीआरपी-३ ए आणि डीआरपी-३ बी ही डायनॅमिनच काम करतात.

मोजणीचा उपयोग: बटाटा आणि कलिंगड

हरितलवकं मोजण्याचा शेतीत रोकडा उपयोग आहे. पानाच्या खालच्या बाजूचा पापुद्रा सोलून, पोटॅशियम आयोडाइडमधलं आयोडीन लावून, पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्राच्या, दोन बाजूंच्या रक्षक पेशीतली हरितलवकं मोजतात. गुणसूत्रांचे संच जास्त तेवढी हरितलवकं जास्त. नेहमीच्या, चार संचांच्या बटाट्यात एका रक्षक पेशीत १२ ते १४ हरितलवकं असतात, दोन संचांच्या बटाट्यात ६ ते ८. बिनबियांच्या कलिंगडासाठी आधी चार संचांचं रोप लागतं, आणि ते रोपवाटिकेत लहानपणीच ओळखायला पैदासकार हीच मोजणी वापरतात. घरी करायची असेल तर पान मधोमध दुमडून तिरकं फाडा, कडेला पातळ पापुद्रा निघतो. निदान १० पर्णरंध्रं मोजून सरासरी काढा, एकदोन मोजून निर्णय घेऊ नका.

कॉलेजातल्यांसाठी आणखी एक पायरी

गव्हाचं पहिलं पान बुडाशी वाढतं, त्यामुळे बुडाच्या पेशी लहानग्या आणि टोकाच्या जुन्या. ओल्या कागदावर सात-आठ दिवसांची रोपं वाढवली की एकाच पानात वयाची शिडी मिळते. पण पान अनेक पेशी जाड असल्यानं पेशी सुट्या कराव्या लागतात. त्यासाठी तुकडे ३.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये अंधारात तासभर ठेवतात, मग ०.१ मोलर डायसोडियम ईडीटीएत, सामू (पीएच) ९ ठेवून, ६० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास, आणि हलक्या हातानं ठोकून पेशी मोकळ्या करतात. ग्लुटाराल्डिहाइडची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला घातक आहे. धूरखिडकी, हातमोजे आणि शिक्षक सोबत नसतील तर हे करू नका.

पावसाळा हुकला असेल तर

नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके दिसतात ते पान कोरड्या कागदात दोन दिवस ठेवा. कागदावर तपकिरी भुकटी पडेल, ते बीजाणू. विटेचा तुकडा उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून गार करा, बशीत पाणी घालून त्यात उभा करा, वरून भुकटी भुरभुरा आणि काचेच्या बरणीनं झाका. मंद उजेडात ठेवा, पाणी फक्त बशीत घाला, विटेवर ओतू नका. काही आठवड्यांनी विटेवर हिरवी झाक येते आणि पुढे बदामाच्या आकाराच्या पापुद्र्या. पहिली झाक दिसली की त्याच दिवसापासून दर चार दिवसांनी एक पापुद्री उचलून स्लाइड करा, खाचेजवळच्या आणि कडेच्या २०-२० पेशी मोजा, आणि तारीख घालून वहीत नोंदवा.